नवं टर्मिनल आणि फवारणीविना सोडलेली ओळ

नाशिकजवळ जानोरीच्या अलीकडे आमच्या मामांची द्राक्षबाग आहे. ओझरच्या धावपट्टीवरून लढाऊ विमान उठलं की बागेत बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि आवाज विरला की तिथूनच पुढं सुरू करतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. एचएएलचा कारखाना आहे, मिगपासून सुखोईपर्यंत इथं बांधली गेली, त्यामुळे या पट्ट्याला विमानाचं अप्रूप कधीच उरलेलं नाही. प्रवासी टर्मिनल मात्र त्या मानानं काल-परवाचं, २०१४ सालचं. आता कुंभमेळ्याच्या तोंडावर विमानतळाच्या विस्ताराच्या, नव्या धावपट्टीच्या बातम्या येतात आणि दहावा मैल नावाच्या फाट्यावर चहा पिणारा प्रत्येकजण हवाई वाहतुकीतला तज्ज्ञ झालाय.

परवा मामांनी विचारलं, “भाचेबुवा, तू त्या पर्यावरणाच्या अहवालांत काम केलंय ना? मग मला सांग. समज, उद्या जुनं टर्मिनल पाडलं आणि त्याच जागी मोठं बांधलं. कुणाचं शेत जात नाही, गाव उठत नाही, झाडं गेलीच तर चार-दोन. मग एवढं बाड कशाचं लिहिता तुम्ही?”

यातला ‘समज’ महत्त्वाचा. ओझरची इमारत पाडायचं ठरलंय असं मामाही म्हणत नव्हते आणि मीही म्हणत नाही. पण प्रश्न नामी आहे. जमीन, जंगल, गाव जाणारा प्रकल्प समजायला सोपा असतो. तपोवनातल्या झाडतोडीवरून नाशिककर रस्त्यावर आले, कारण झाड दिसतं, त्याच्यापुढं उभं राहता येतं. इमारतीच्या जागी इमारत आली तर डोळ्यांना काहीच गेल्यासारखं वाटत नाही. बदलतात त्या धूळ, पाणी, धूर, राडारोडा अशा गोष्टी, आणि त्या मोजायच्या कशाशी ताडून, इथंच खरी गोम आहे.

मामांना मी त्यांच्याच भाषेत विचारलं. “डावणीच्या बुरशीवर नवीन औषध मारलं आणि रोग कमी आला, तर औषधाला गुण आहे म्हणाल?”

“लगेच नाही म्हणणार. त्या साली पाऊसच कमी असेल तर?”

“मग कसं ठरवाल?”

“एक ओळ फवारणीविना सोडायची.”

प्रकल्पामुळे पर्यावरणाचं काय होईल याचा आधीच मांडलेला हिशेब म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन, ज्याला कामातली माणसं नुसतं ईआयए म्हणतात, त्याचा सगळा जीव या एका ओळीत आहे. टर्मिनल बांधण्याआधीचा ओझर आणि बांधल्यानंतरचा ओझर अशी तुलना केली तर काहीच कळत नाही. मधल्या पाच-सात वर्षांत महामार्गावरची वाहनं वाढतील, बागा जाऊन प्लॉट पडतील, पाऊस कमीजास्त होईल. त्यातलं टर्मिनलमुळे काय झालं? ते कळायला ‘टर्मिनल बांधलेला २०३५ चा ओझर’ आणि ‘न बांधलेला २०३५ चा ओझर’ हे दोन शेजारी ठेवावे लागतात. दुसरा ओझर कुणीच पाहणार नसतो, तो कागदावर रचावा लागतो. ती आपली फवारणीविना सोडलेली ओळ.

अमेरिकेत यासाठी १९६९ चा कायदा आहे आणि तिथं ‘काहीच न करणं’ हा पर्याय तपासावाच लागतो. कॅन्सस सिटीच्या विमानतळाचं उदाहरण घ्या. तिथं १९७२ साली घोड्याच्या नालाच्या आकाराची तीन टर्मिनलं बांधली होती. त्यातलं एक पाडून त्या जागेवर एकच मोठं टर्मिनल उभं राहिलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालं. अशा वेळी आधी विचारलं जातं की जुनीच टर्मिनलं चालू ठेवली असती तर काय झालं असतं. आपल्या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत अहवालाचा जो साचा दिलाय, त्यातही पर्यायांचं प्रकरण आहे, पण ते मुख्यतः जागा कोणती आणि तंत्रज्ञान कोणतं याबद्दल. मी पाहिलेल्या अहवालांत ते सगळ्यांत बारीक प्रकरण असायचं. दोन पानं, कधी दीड.

आता ही न फवारलेली ओळ कशी रचता, यावर सगळा निकाल फिरतो. टर्मिनल बदलणाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा: प्रवासी तसेही वाढणारच आहेत. विमानं किती येणार हे धावपट्टी ठरवते, विमान कंपन्या ठरवतात, मुंबई-दिल्लीत उतरायला वेळ मिळतो का ते ठरवतं. आमची इमारत फक्त रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला बसायला खुर्ची देते. हे मान्य केलं की विमानांचा धूर आणि आवाज दोन्ही ओझरांत सारखाच येतो, वजाबाकी शून्य, आणि उरतात फक्त बांधकामाची धूळ आणि इमारतीची वीज. अहवाल निम्म्यानं हलका होतो.

हा युक्तिवाद खोटा असतोच असं नाही. अडचण खरोखर धावपट्टीवर असेल तर टर्मिनल कितीही मोठं करा, विमान एकही वाढणार नाही. पण अडचण इमारतीत असेल तर? सुरक्षा तपासणीला एका तासात अमुकच माणसं जाऊ शकतात, म्हणून सकाळी दोन विमानं लागोपाठ घेता येत नाहीत, अशी स्थिती असेल, तर मोठी इमारत म्हणजे जादा विमानं. ओझरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. वाघाड धरणाच्या पाण्यावर इथल्या पाणीवापर संस्थांनी १९९०च्या सुमारापासून स्वतः हिशेब ठेवलाय. धरणात पाणी किती यापेक्षा ते नेमकं कुठल्या गेटपाशी अडतं, हे त्यांना जास्त कळतं. टर्मिनलच्या अहवालात पहिल्यांदा तेच शोधायचं: गेट कुठलं? गर्दीच्या एका तासाला इमारत किती प्रवासी पेलते आणि धावपट्टी किती विमानं पेलते, हे दोन आकडे शेजारी ठेवले की निम्मं चित्र समोर येतं.

हे इतकं का ताणतोय, ते एका हिशेबानं दाखवतो. ढोबळ आहे, पण प्रमाण कळेल.

रस्त्यात पोट फिरवत जाणारी काँक्रीटची मिक्सर गाडी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात साधारण ६ घनमीटर माल असतो. घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरलं तर गाडीत २.१ टन. एक टन सिमेंट बनवताना चुनखडी भाजल्यामुळे आणि कोळसा जाळल्यामुळे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका मिक्सरमागं पावणेदोन-दोन टन. आता विमान. एअरबस ए३२० जातीचं विमान उतरताना, धावपट्टीवरून येता-जाता आणि उडताना ३,००० फुटांच्या खाली मिळून सुमारे ८०० किलो इंधन जाळतं, असं प्रमाणित हिशेबात धरतात. त्यात २६ मिनिटं जमिनीवर रांगण्याची धरलेली असतात. ओझरला एवढा वेळ लागत नाही, म्हणून ६०० किलो धरू. एक किलो इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. उत्तर १.९ टन. म्हणजे विमानाचं एक उतरणं-उडणं आणि काँक्रीटची एक मिक्सर गाडी, जवळजवळ सारखंच.

समजा इमारतीला १२,००० घनमीटर काँक्रीट लागलं. २,००० गाड्या. ऐकायला प्रचंड. आणि समजा त्या इमारतीमुळे रोज फक्त पाच विमानं जास्त येऊ लागली. वर्षाला १,८२५ फेऱ्या. एका वर्षात विमानांनी जवळजवळ अख्ख्या इमारतीच्या काँक्रीटएवढा धूर काढला. इमारतीतलं लोखंड मिळवलं तर दोन वर्षं म्हणा. यात दिल्लीपर्यंत उडायचं इंधन धरलंच नाही. इमारत पन्नास वर्षं उभी राहणार.

तर ‘विमानं वाढणार नाहीत’ हे एक वाक्य अहवालाच्या कोपऱ्यात कुठंतरी असतं आणि बाकीची तीनशे पानं त्याच्या आधारावर उभी असतात. अशा पानावर मी पेन्सिलीनं उभी रेघ मारून ठेवत असे.

याच्या उलट, चांगली इमारत धूर कमीही करू शकते. उभ्या विमानात एसी आणि दिवे चालू ठेवायला शेपटीतलं एक छोटं इंजिन फिरत असतं. टर्मिनलपाशी जमिनीवरून वीज आणि गार हवा देण्याची सोय असली तर ते बंद ठेवता येतं. विमानानं वळसे न घेता उभं राहता येईल अशी आखणी केली तर तेवढं इंधन वाचतं. हे फायदे अहवालात येतात आणि यायलाच हवेत. फक्त ते मोजताना जी उड्डाणसंख्या धरलीय, तीच तोटे मोजतानाही धरलीय ना, हे तपासायचं. फायद्याच्या पानावर दिवसाला वीस विमानं आणि आवाजाच्या पानावर बारा, असं मी स्वतः पाहिलंय. कुठं ते राहू द्या.

आता धूळ. इथं मामा सरसावून बसले, कारण धूळ हा बागायतदाराचा जिव्हाळ्याचा विषय. रस्त्याकडेच्या दोन ओळींची पानं बघा म्हणजे कळेल. पानावर धुळीचा थर बसला की लाल कोळी ही कीड वाढते. घडावर धूळ बसली तर मालाचा भाव जातो, आणि ती पुसायला जावं तर मण्यावरचा पांढुरका थर निघतो, मग निर्यातवाला तोंड फिरवतो. इमारत पाडताना उडणारी धूळ, राडारोड्याचे डंपर, खडी आणि मुरमाच्या गाड्या, हे सगळं दोन-तीन वर्षं चालणार. हवेच्या मानकांत मात्र द्राक्षाचं पान नाही, माणसाचं फुप्फुस आहे: पीएम १० म्हणजे श्वासातून आत जाणारे बारीक धूळकण चोवीस तासांच्या सरासरीनं घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत, त्याहून बारीक पीएम २.५ साठच्या आत. पानावर बसणारी जाड धूळ या आकड्यांत नीट येतच नाही. ती वेगळी मागून घ्यावी लागते.

आधीची हवा कशी आहे, हे मोजायचं काम मी दोन हंगाम केलं. पाण्याच्या कूलरसारखं दिसणारं एक यंत्र कुणाच्या तरी गच्चीवर ठेवायचं. आत पांढरा फिल्टर कागद. कागद आधी तोलायचा, चोवीस तास यंत्र घोंघावू द्यायचं, मग करडा झालेला कागद चिमट्यानं उचलून पुन्हा तोलायचा. मधला फरक म्हणजे त्या दिवसाची धूळ. घरातली म्हातारी माणसं आवाजानं वैतागायची आणि विजेचं बिल कोण भरणार म्हणून विचारायची. रास्त होतं.

नियमाप्रमाणे हे मोजमाप पावसाळा सोडून एका हंगामात, म्हणजे साधारण तीन महिने केलं तरी चालतं. कुठल्या हंगामात, ते करणारा ठरवतो. निफाड तालुका थंडीसाठी प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा डिसेंबर-जानेवारीत राज्याच्या बातम्यांत असतो. अशा पहाटे गार हवा जमिनीलगत बसते, वरची गरम हवा तिच्यावर झाकणासारखी राहते आणि धूर-धूळ वर जातच नाही. शेकोटीचा धूर बागेतून आडवा पसरलेला दिसतो, तो याच कारणानं. मार्च ते मे मोजलं तर वारा सगळं उडवून नेतो आणि कागद पांढरा दिसतो. आणि द्राक्षं तयार होतात कधी? जानेवारी ते मार्च. एका प्रकल्पात आम्ही उन्हाळ्यात मोजलं होतं, थंडीत मोजू म्हणालो तर तारीख गाठायची आहे असं उत्तर मिळालं. आकडे खरे होते. हंगाम सोयीचा होता.

राडारोड्याबद्दल थोडं. पाडकामाचा कचरा काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असा वेगळा करायचा, असं २०१६ च्या नियमांत होतं. १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आले, आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांसाठी ते जास्त कडक आहेत. काँक्रीट जागेवरच दळून रस्त्याच्या थरात वापरलं तर तेवढे डंपर वाचतात आणि तेवढी खडी डोंगरातून काढावी लागत नाही. नाशिककरांना सारूळकडचे कापलेले डोंगर दिसतात, त्यांची आणि नव्या इमारतीची गाठ इथं पडते. जुन्या इमारतीत काय दडलंय ते आधी तपासायचं: सिमेंटच्या पत्र्यातलं ॲस्बेस्टॉस, ट्यूबलाइटमधला पारा, जुन्या एसीतला वायू. विमानतळावर आणखी एक, आग विझवायचा फेस. जुन्या प्रकारच्या फेसातली रसायनं जमिनीत मुरली की वर्षानुवर्षं विघटत नाहीत. अग्निशमनाचा सराव जिथं चालतो, त्या जागेची माती खणण्याआधी तपासणं हे अहवालातलं सगळ्यांत शहाणपणाचं काम. पण बारा-पंधरा वर्षांची इमारत सांगाड्यासकट पाडायचीच कशाला, ती वाढवता येणार नाही का, हा प्रश्न या सगळ्याच्या आधीचा. मुंबईत जुनं टर्मिनल चालू ठेवून त्याच जागी टप्प्याटप्प्यानं नवं टी-२ उभं केलं, पण तिथली गोष्ट जागेच्या टंचाईची होती.

पाण्याचं गणित तर मामांनीच केलं. १०,००० चौरस मीटर छप्पर आणि ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर ६० लाख लिटर. “दहा हजाराचे सहाशे टँकर,” ते म्हणाले. हे पाणी मुरवलं, वापरलं तर चांगलंच. सगळं गटारानं काढून दिलं, वर पार्किंगला डांबर ओतलं, तर तेच पाणी एकदम बाणगंगेकडे धावणार.

पक्ष्यांचं प्रकरण लोकांना गंमतीचं वाटतं, वैमानिकाला वाटत नाही. निफाड तालुक्यातच नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. पण टर्मिनलच्या संदर्भात धोका पाणपक्ष्यांपेक्षा घारी आणि बगळ्यांचा जास्त. नांगरामागं बगळे कसे येतात ते शेतकऱ्याला माहीत आहे, खोदकामामागंही ते तसेच येतात. विमान नियम १९३७ मधला ९१ वा नियम सांगतो की विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायचा नाही, जनावरं कापायची नाहीत. भाव पडला की महामार्गाकडेला ओतलेले टोमॅटोचे ढीग आठवा. ते विमानतळानं ओतलेले नसतात, पण घारीला नियम वाचता येत नाही.

आवाजाचं मामांना विशेष काही वाटलं नाही. सुखोई ऐकलेल्या कानाला प्रवासी विमान म्हणजे पंखा. एवढंच सांगितलं की डेसिबलचा आकडा १० नं वाढला की आवाजाची शक्ती दहापट होते, म्हणून ‘फक्त दहानं वाढ’ असं वाचलं की थांबायचं. आणि रात्रीची विमानं सुरू होणार असतील तर दिवसभराची सरासरी बघून काही उपयोग नाही.

“बरं, हे सगळं लिहायला लावतं कोण?” मामा म्हणाले.

इथं मला जरा खाकरावं लागलं. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत व्यापारी वापराचे विमानतळ ‘अ’ वर्गात आहेत. मंजुरी दिल्लीच्या मंत्रालयाची, आधी सविस्तर अहवाल, मग जिल्ह्यात प्रदूषण नियंत्रण मंडळानं घेतलेली जनसुनावणी, तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात, अहवालाचा सारांश मराठीत. हे नव्या विमानतळाला. पण १४ जुलै २०२२ च्या दुरुस्तीनं, विमानतळाचं क्षेत्र वाढत नसेल तर टर्मिनल इमारतीच्या विस्ताराला काही अटींवर पूर्वमंजुरीतून सूट दिली. म्हणजे मामांनी जे विचारलं तेच सरकारनंही स्वतःला विचारलं आणि मामांसारखंच उत्तर दिलं: शेत जात नाही, मग अहवाल कशाचा?

माझ्या मते यात निम्मं शहाणपण आहे. दोन खिडक्या वाढवायला दिल्लीच्या चकरा नकोत. पण कुंपण वाढलं का, हे माप चुकीचं निवडलंय. कुंपण तेवढंच राहून विमानं दुप्पट होऊ शकतात. माप लावायचंच तर ते गर्दीच्या तासाच्या क्षमतेला लावायला हवं होतं. शिवाय जुनं पाडून नवं बांधणं हा ‘विस्तार’ की नवं बांधकाम, हेही कुणीतरी विचारायला हवं.

मामा बराच वेळ गप्प होते. धावपट्टीकडून आवाज आला, दोघंही थांबलो, आवाज गेला.

“सूट असली तरी मोजायला बंदी आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग ते कूलरसारखं यंत्र आपल्या गच्चीवर ठेवायला सांग कुणाला तरी. जानेवारीत. लाइट बिल मी भरतो.”